सही कुणाची ते कळू नये, पण वेळ पडली तर सापडावी: लॅटिसवरच्या ग्रुप सिग्नेचरची वाट

समजा, तुमच्या पंचक्रोशीत ५१२ सभासदांची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन विकायला नेलं की एक खरेदीदार दर वेळी ओलावा जास्त दाखवतो आणि वजनात कपात करतो. तक्रार करायची तर अर्जाखाली नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहिलं की पुढच्या हंगामात आपली गाडी काट्यावर सगळ्यात शेवटी. निनावी अर्ज टाकला तर तो फायलीत पडून राहतो, कारण तो सभासदानं लिहिलाय की खरेदीदाराच्या एखाद्या वैऱ्यानं, हे कोण सांगणार?

या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे ग्रुप सिग्नेचर. डेव्हिड चॉम आणि यूजीन व्हान हाइस्ट यांनी ती १९९१ मध्ये मांडली. गटातला कुणीही एक जण गटाच्या वतीनं सही करतो. तपासणाऱ्याला एवढंच कळतं की सही या ५१२ पैकी कुणाची तरी आहे. दोन अर्ज एकाच माणसाचे आहेत का, हेसुद्धा त्याला कळत नाही. पण अर्ज खोटा निघाला, भांडण पेटलं, तर एका ठरलेल्या व्यक्तीकडे अशी किल्ली असते की ती सही उघडून सभासदाचा नंबर काढता येतो.

नांदेडला एमएस्सीची दोन-तीन पोरं दर वर्षी हा विषय प्रोजेक्टला घ्यायचा म्हणून येतात. बहुतेक जण थेट एखादा ताजा पेपर उघडतात आणि तिसऱ्या पानावर अडकतात. मीही तसाच अडकलो होतो, चांगले तीन महिने. म्हणून इथं पेपर शेवटी येतील. आधी वही, पेन आणि बारावीपर्यंतचं गणित. मॅट्रिक्सचा गुणाकार आणि भागाकारातली बाकी येत असेल तर पुढं वाचा.

माणसं ठरवून घ्या

चार भूमिका आहेत. कंपनीचा सचिव: तो प्रत्येक सभासदाला गुप्त किल्ली देतो. सभासद: तो सही करतो. तपासणारा: कुणीही, अगदी खरेदीदारसुद्धा. आणि सही उघडणारा. आपल्या गोष्टीत गावातले निवृत्त गुरुजी धरा. सचिव आणि गुरुजी एकच माणूस असला तरी गणित चालतं, पण गावगाड्याचा अनुभव सांगतो की दोन किल्ल्या दोन घरांत असलेल्या बऱ्या.

इथं दोन गल्लती नेहमी होतात. ग्रुप सिग्नेचर म्हणजे ठरावाखाली सगळ्यांनी मिळून केलेल्या सह्या नव्हेत. सही करणारा एकटाच असतो. आणि ती रिंग सिग्नेचरही नव्हे. रिव्हेस्ट, शमीर आणि टाउमन यांच्या २००१ मधल्या त्या कल्पनेत ना सचिव असतो ना गुरुजी, म्हणजे सही एकदा झाली की नाव कायमचं बुडालं.

मिहिर बेलारे, डॅनिएले मिचिआन्चो आणि बोग्दान वारिन्शी यांनी २००३ मध्ये सुरक्षेच्या अटी नीट बांधून दिल्या. पहिली अट: गुरुजींच्या किल्लीशिवाय सही कुणाची ते कळू नये. दुसरी अट: काही सभासदांनी संगनमत केलं तरी, उघडल्यावर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव निघणार नाही अशी सही त्यांना करता येऊ नये. त्या मांडणीत सभासदांची यादी सुरुवातीलाच पक्की असते, आणि किल्ल्या सचिवानेच वाटलेल्या असल्यामुळे सचिव कुणाच्याही नावावर सही करू शकतो. नवे सभासद घेणं आणि सचिवाच्या या लबाडीपासून संरक्षण या गोष्टी २००५ च्या मांडणीत आल्या. पहिल्या प्रोजेक्टला २००३ ची पुरे.

लॅटिस म्हणजे चौफुलीचा कापूस

ही सही ज्या गणितावर उभी करायची ते लॅटिस, म्हणून आधी ते बघू. परभणीकडच्या काळ्या रानात जुनी माणसं कापूस चौफुलीवर लावायची. आधी रानात उभ्या रेघा, मग आडव्या, आणि जिथं फुली पडेल तिथं सरकी. उभं-आडवं दोन्हीकडून कोळपं चालावं म्हणून ही खटपट. ती झाडं वरून पाहिली तर जे दिसेल ते लॅटिस: ठरावीक अंतरानं, न संपता पसरलेले बिंदू. दोन दिशांच्या ऐवजी पाचशे-हजार दिशा घेतल्या की ते क्रिप्टोग्राफीचं, म्हणजे गुपितं राखायच्या शास्त्राचं, रान.

आता गंमत बघा. तीच झाडं दाखवायला दिशांच्या अनेक जोड्या चालतात. झाडं एक-एक हात अंतरावर आहेत असं धरू. सरळ जोडी म्हणजे (१, ०) आणि (०, १). पण (३४, २१) आणि (२१, १३) ही जोडीही हुबेहूब तीच झाडं देते, कारण ३४ × १३ वजा २१ × २१ बरोबर १. फक्त या दोन दिशा लांबलचक आणि जवळपास एकमेकींवर झोपलेल्या आहेत.

रानात (३.४, २.३) या जागी टोपी पडली. सगळ्यात जवळचं झाड कोणतं? सरळ जोडी हातात असेल तर नुसतं पूर्णांकात आणा: (३, २). अंतर अर्धा हात. आता तेच झोपलेल्या जोडीनं करा. समीकरण सोडवलं तर पहिल्या दिशेचा गुणक –४.१ आणि दुसरीचा ६.८ येतो. त्यांना –४ आणि ७ केलं की झाड निघतं (११, ७), टोपीपासून जवळजवळ नऊ हात लांब. हे वहीत स्वतः करून पाहा, कारण पुढचं अर्धं शास्त्र याच नऊ हातांवर उभं आहे. सरळ जोडी ही सचिवाची गुप्त किल्ली, झोपलेली जोडी जगजाहीर. दोन दिशांत झोपलेली जोडी सरळ करणं सोपं आहे. शेकडो दिशांत ते क्वांटम संगणकालाही जमेल अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. १९८२ ची एलएलएल नावाची रीत जोडी थोडीफार सरळ करते, पण दिशा वाढल्या की तिचीही दमछाक होते.

दोन कोडी, एकच वही

लॅटिस प्रत्यक्ष वापरतात ती दोन कोड्यांच्या रूपात. दोन्हींसाठी ९७ तासांचं घड्याळ घ्या, म्हणजे प्रत्येक उत्तराला ९७ नं भागून बाकी ठेवायची.

पहिलं कोडं मिक्लोश आयताई यांचं, १९९६ चं. आकडे दिले: २०, ३१, ४५, ८, ६०, ७२. यांना छोट्या गुणकांनी गुणून बेरीज शून्य करा. नऊ वेळा ८ घेऊन ७२ वजा केले तर शून्य येतं, पण ९ हा गुणक छोटा नाही. अट अशी की गुणक फक्त –१, ० किंवा १. थोडं शोधलं की ४५ + ६० – ८ = ९७ सापडतं. इथं सगळ्या मिळून ७२९ शक्यता, एका दुपारचं काम. खऱ्या योजनेत अशा शेकडो ओळी एकाच वेळी जुळवायच्या असतात. "छोटं" ही अट काढली तर हे दहावीचं समीकरण, ठेवली तर डोंगर. लॅटिसवरच्या सगळ्या क्रिप्टोग्राफीत त्या एका शब्दावर नजर ठेवा.

दुसरं कोडं ओडेड रेगेव यांचं, २००५ चं. गुप्त जोडी (७, ११). तिच्यावरून काही ओळी जाहीर करायच्या, पण प्रत्येक उत्तरात जाणूनबुजून बारीकशी चूक घालायची. (२०, ३१) साठी खरं उत्तर ९३, आपण लिहू ९४. (४५, ८) साठी खरं १५, लिहू १३. (६०, ७२) साठी खरं ४८, लिहू ४९. चुका नसत्या तर दोन ओळींतून गुपित बाहेर पडलं असतं.

यातून कुलूप तयार होतं. कुणाला "१" हा एक बिट पाठवायचाय. त्यानं पहिली आणि तिसरी ओळ मिळवली: (८०, ६), आणि उत्तरात ९४ + ४९ शिवाय घड्याळाचा अर्धा, ४८ टाकला. बेरीज १९१, म्हणजे ९४. "०" पाठवायचा असता तर ४८ टाकला नसता. आता गुपित माहीत असलेला माणूस ९४ मधून ८० × ७ + ६ × ११ म्हणजे ६२६ वजा करतो. –५३२, घड्याळात ५०. ५० हा ४८ च्या जवळ आहे, शून्याच्या नाही. बिट १. जादाचे २ म्हणजे आपणच घातलेल्या चुकांची बेरीज.

तीन तुकडे जोडा

पहिला तुकडा, सभासदत्वाचा दाखला. सचिव एक मॅट्रिक्स जाहीर करतो आणि त्याची गुप्त चोरवाट स्वतःकडे ठेवतो. मिचिआन्चो आणि क्रिस पाइकर्ट यांनी २०१२ मध्ये दाखवलेली चोरवाट समजायला सगळ्यात सोपी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी वजनं असली की घड्याळातला कोणताही आकडा ० आणि १ गुणकांनी तोलता येतो, उदाहरणार्थ ५० = ३२ + १६ + २. सचिव ही वजनं यादृच्छिक आकड्यांच्या ढिगाऱ्याखाली पुरतो. कुठं पुरलीत ते त्यालाच माहीत, म्हणून छोटं उत्तर त्यालाच काढता येतं. प्रत्येक सभासदाच्या नंबरावरून एक वेगळं मॅट्रिक्स बनतं आणि सचिव त्याचं छोटं उत्तर त्या सभासदाला देतो. तोच दाखला. उत्तरं देतानाही यादृच्छिकपणा नेमका मापून घालावा लागतो, नाहीतर बरेच दाखले गोळा करून कुणी चोरवाटच शोधून काढेल. एनटीआरयू-साइन या जुन्या योजनेचा घात असाच झाला. २००६ मध्ये फोंग न्गुएन आणि रेगेव यांनी नुसत्या सह्यांवरून गुप्त किल्ली काढून दाखवली.

दुसरा तुकडा, बंद पाकीट. सही करताना सभासद आपला नंबर गुरुजींच्या जाहीर किल्लीनं, वरच्या रेगेवच्या रीतीनं, बंद करतो. ५१२ सभासद म्हणजे नऊ बिट, नऊ छोटी कुलपं. भांडण झालं तर गुरुजी पाकीट उघडतात, बस.

मला विचाराल तर क्वांटम संगणकाची खरी भीती या पाकिटाला आहे. पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीनं जुन्या ग्रुप सिग्नेचरचा पाया ढासळतो, कारण त्या डिस्क्रीट लॉगरिदमसारख्या (घड्याळातल्या आकड्यावरून घात उलटा शोधायच्या) कोड्यांवर उभ्या आहेत. साध्या सहीच्या बाबतीत माणूस म्हणेल, मोठा क्वांटम संगणक येईल तेव्हा नवी सही घेऊ. पण निनावी तक्रारीचं पाकीट आज कुणीही जपून ठेवू शकतो आणि वीस वर्षांनी उघडू शकतो. तेव्हा खरेदीदाराचा मुलगा धंद्यात असेल आणि तक्रारदाराचाही. नाव लपवायचं असेल तर घाई आत्ताच हवी.

तिसरा तुकडा, या दोघांना बांधणारा पुरावा. सभासद म्हणतो: "माझ्याकडे कुठल्यातरी नंबराचा खरा दाखला आहे, आणि पाकिटात तोच नंबर आहे." हे पटवून द्यायचं, पण दाखलाही दाखवायचा नाही आणि नंबरही. पुरावा नसेल तर मी पाकिटात शेजाऱ्याचा नंबर टाकून मोकळा. याला झिरो-नॉलेज पुरावा म्हणतात, आणि तुमचे नव्वद टक्के कष्ट इथंच जाणार आहेत.

पुराव्यात जरा थांबा

वरचं पहिलं कोडं घ्या. गुपित म्हणजे त्यातले सहा छोटे गुणक, प्रत्येक –१, ० किंवा १. पुरावा देणारा आधी सहा यादृच्छिक आकडे निवडतो, –१० ते १० मधले. त्यांना मुखवटा म्हणू. मुखवट्यावरून येणारं उत्तर तो जाहीर करतो. समोरचा –२ ते २ मधला एक आकडा आव्हान म्हणून देतो. पुरावा देणारा मुखवटा अधिक आव्हान गुणिले गुपित, असे सहा आकडे परत पाठवतो. तपासणारा दोन गोष्टी बघतो: समीकरण जुळतंय का, आणि आकडे छोटे आहेत का.

आता धोका. उत्तरात १२ दिसला तर? मुखवटा १० च्या वर जात नाही, म्हणजे वरचे २ आव्हान आणि गुपित यांच्या गुणाकारातूनच आले. गुपित फुटलं. उपाय वाडिम ल्युबाशेव्स्की यांचा: आकडा –८ ते ८ च्या बाहेर गेला की उत्तर पाठवायचंच नाही, सगळं टाकून नव्यानं सुरू करायचं. या मर्यादेत प्रत्येक आकडा यायची शक्यता, गुपित काहीही असो, सारखीच: २१ त एक. म्हणून त्यातून काही गळत नाही. एका आकड्याला पास व्हायची संधी १७/२१, सहाही एकदम पास व्हायची साधारण २८ टक्के, म्हणजे सरासरी साडेतीन प्रयत्न. पोरांना हे ऐकून हसू येतं, "सर, जमेपर्यंत परत परत?" हो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित केलेली एमएल-डीएसए ही साधी सहीसुद्धा अशीच चार-पाच वेळा आत प्रयत्न करून मग बाहेर येते.

समोर आव्हान द्यायला माणूस बसवायची गरज नाही. फियाट आणि शमीर यांच्या १९८६ च्या युक्तीनं आव्हान हॅशमधून, म्हणजे मजकुराच्या ठरावीक लांबीच्या ठशातून, काढतात, आणि हॅशमध्ये अर्जाचा मजकूर घातला की पुराव्याचीच सही होते.

पण एक खोट उरते, आणि ती ओळखता आली की तुम्ही नवशिके राहिला नाहीत. दोन आव्हानांची दोन उत्तरं वजा केली तर हाती येतं ते गुपित नव्हे, गुपिताच्या पटीतलं काहीतरी, आणि तेही –१६ ते १६ मधलं. म्हणजे सिद्ध झालं "बऱ्यापैकी छोटं", "–१, ०, १" नव्हे. साध्या सहीला ते चालून जातं. पाकिटातला बिट मात्र ० किंवा १ च असायला हवा, नाहीतर गुरुजींना पाकिटात कचरा सापडेल.

त्यावर दोन वाटा. जुनी वाट जाक स्टर्न यांच्या रीतीची. ती नेमकेपणा देते, पण प्रत्येक फेरीत खोटा माणूस तीनपैकी दोन वेळा सुटतो. ही शक्यता २ च्या उणे १२८ व्या घातापर्यंत खाली आणायला २१९ फेऱ्या लागतात, म्हणून सही फुगते. नवी वाट म्हणजे बिटावर एक समीकरण सिद्ध करणं: बिट गुणिले (बिट वजा एक) बरोबर शून्य. ९७ सारख्या मूळ संख्येच्या घड्याळात याला ० आणि १ हीच दोन उत्तरं आहेत. असं गुणाकाराचं समीकरण थोडक्या जागेत सिद्ध करायच्या रीती गेल्या काही वर्षांत आल्या, आणि त्यांनीच हा विषय कागदावरून मशीनवर आणला.

आता पेपर

या क्रमानं वाचा. २०१० चा गॉर्डन, कॅट्झ आणि वैकुंठनाथन यांचा: लॅटिसवरची पहिली ग्रुप सिग्नेचर. तिची लांबी सभासदांच्या संख्येच्या पटीत वाढते, ५१२ माणसं म्हणजे ५१२ तुकडे. मग २०१३ चा लागिलोमी, लांग्ल्वा, लिबेर आणि स्टेले यांचा, जिथं ५१२ च्या जागी नऊ बिटांवर काम भागतं. २०१६ मध्ये लिबेर, लिंग, न्गुएन आणि वांग यांनी दाखला काढून मर्कल झाड (हॅशच्या जोड्या जोडत वर जाणारं झाड) आणलं, चोरवाटच नको म्हणाले. तो चाळला तरी चालेल. शेवटी २०२२ चा ल्युबाशेव्स्की, न्गुएन आणि प्लांसों यांचा. हे सगळे आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या संस्थेच्या ईप्रिंट संग्रहात फुकट मिळतात.

आकाराबद्दल भ्रम नको. बोने, बोयेन आणि शाचम यांची २००४ ची, क्वांटमपुढे न टिकणारी ग्रुप सिग्नेचर २०० बाइटच्या आत बसते. एमएल-डीएसएची मधल्या स्तराची साधी सही ३,३०९ बाइट. लॅटिसवरची ग्रुप सिग्नेचर २०१८ मध्ये अर्ध्या मेगाबाइटच्या वर होती, २०२२ मध्ये सुमारे ९० किलोबाइटवर आली. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोएवढी, म्हणजे तालुक्याच्या नेटवरही चालण्यासारखी. पण निस्टच्या २०२४ च्या प्रमाणांत ग्रुप सिग्नेचर नाही, त्यामुळे प्रोजेक्टचा कोड कुठल्या खऱ्या कंपनीला वापरायला देऊ नका.

कोड लिहायला पायथन किंवा सेजमॅथ घ्या. आधी वरची टोपीची आणि ९७ ची उदाहरणं जशीच्या तशी चालवा. झोपलेल्या जोडीनं टोपीचं उत्तर (११, ७) आणि कुलपाचं ५० आलं पाहिजे. मग नऊ बिटांचं पाकीट, मग मुखवट्याचा पुरावा, दाखला सगळ्यात शेवटी. पोरांच्या कोडमध्ये मला तीन चुका सारख्या सापडतात. घड्याळातली बाकी ० ते ९६ ठेवतात आणि मग "छोटं आहे का" तपासतात. तिथं –१ चा ९६ होतो आणि खरा पुरावा नापास. बाकी –४८ ते ४८ मध्ये आणून मगच तपासा. दुसरी, मुखवट्यासाठी पायथनचं साधं रँडम वापरतात. त्याचा अंदाज बांधता येतो, सीक्रेट्स मॉड्यूल घ्या. तिसरी चूक सगळ्यात वाईट, कारण ती असूनही सगळं चालतं: हॅशमध्ये अर्ज घालतात आणि पाकीट घालायला विसरतात. मग पुराव्याची पाकिटाशी गाठ कच्ची राहते. एकदा मुद्दाम ती ओळ काढून बघा, आणि दुसऱ्याच्या सहीतलं पाकीट बदलून ती पास होते का ते तपासा.